मान राहिलेला देव

आमच्या बिल्डिंगमधल्या केसरीनाथच्या पुतणीच्या हळदीतून मी पळाले, असं माझी जाऊ हौसा नारपोलीपासून वज्रेश्वरीपर्यंत सांगत फिरते आहे. मी पळाले नाही. मी उठले, पदर सावरला आणि चालत मंडपाबाहेर आले. माझी चाल पहिल्यापासून भरभर आहे. पळाले ते माझ्या मागचे. त्यात हौसा सगळ्यांत पुढे होती आणि तिची एक चप्पल अजून सापडलेली नाही.

झालं ते असं. मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी मागाहून येतो, आधी धवला गाणारी बाई लागते. हळद लावण्याआधी तिने एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, ज्याचा त्याला मान द्यायचा, आणि मागे बसलेल्या बायांनी तिची ओळ उचलायची. सगळे देव येऊन बसले की मग हळद. गावदेवी, वजराई, एकवीरा, खंडोबा, चेडोबा, वेताळ. या रांगेत मी आजवर एकाला पुढे-मागे केलेलं नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तेही मास्तरांची म्हैस आमच्या शेतात चरायची म्हणून. पण देवांची हजेरी घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तर त्या संध्याकाळी खंडोबापर्यंत आले आणि माझ्या छातीत लूम सुरू झाला. भिवंडीच्या माणसाला यंत्रमागाचा तो आवाज काय असतो ते सांगायला नको. हात गार पडले, ओठांना मुंग्या आल्या, श्वास घशातच अडकला. मनात एकच, इथून बाहेर पड, आत्ताच्या आत्ता. कशाला, ते माहीत नाही. समोर साप नव्हता, आग नव्हती. समोर केसरीनाथची पुतणी हळदीची वाट बघत पाटावर बसली होती, आणि तिला बघून कुणी घाबरावं इतकी काही ती वाईट दिसत नाही.

मी उठले. धवलारीण अर्धा खंडोबा टाकून उठली म्हणजे काहीतरी आहे, असं समजून माझ्या मागची उठली. तिच्या मागच्या दोघी उठल्या. कुणीतरी विचारलं, "काय झाला गो?" कुणीतरी म्हणालं, सिलिंडर. पुढच्या बायांत सिलिंडर होता, मधल्या बायांत जाईपर्यंत त्याचा बिबट्या झाला, आणि मागे पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या पुरुषमंडळींपर्यंत पोचेतो पोलिसांची धाड झाली. ते भिंतीवरून उड्या टाकून गेले. आचारी गेला, बेंजोवाले वाजवायचं टाकून गेले. मंडपात उरली एकटी नवरी, कारण हळदीच्या पाटावर बसलेल्या मुलीने मध्येच उठायचं नसतं. घरचं वळण आहे, दुसरं काय.

लागलं कुणालाच नाही. लागलं ते मला, आणि ते कुठल्या एक्स-रेच्या फोटोत दिसत नाही. कारण पुढच्याच महिन्यात माझ्या नातवाचं, प्रितमचं लग्न होतं. त्याच्या हळदीला धवला मी गायचा हे तो पाळण्यात होता तेव्हापासून ठरलेलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसा पायात नवऱ्याच्या चपला घालून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "वयनी, तुमी आता आराम करा. प्रितमच्या हलदीला मी गाईन ना. मना येते सगला."

तिला येतं सगळं. गेल्या खेपेस तिने वेताळाला एकवीरेच्या आधी बोलावलं होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सुधीर सर राहतात, त्यांची सून रुचिरा डॉक्टर आहे. तिच्याकडे नेलं. तिने छातीला वायरी लावल्या, कागदावर रेघा काढल्या आणि म्हणाली, "आजी, हृदय एकदम छान आहे तुमचं."

"ते मना ठाव हाय. झाला काय ते सांग."

"याला पॅनिक म्हणतात. काही कारण नसताना अचानक भीती दाटून येते."

"मी भ्याले न्हाय."

"तुम्ही भित्र्या आहात असं नाही म्हणत मी."

"मंग काय म्हणतेस?"

ती हसली. शिकलेल्या मुली अडचणीत आल्या की हसतात. मग तिने समजावलं, ही भरतीच्या पाण्यासारखी असते, चढते आणि आपोआप उतरते. आली की उठून पळायचं नाही, जागेवर बसून सावकाश श्वास सोडायचा. मी म्हटलं, गोळी? म्हणाली, सध्या गोळीची गरज नाही. जी डॉक्टरीण गोळी देत नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. बसून राहा हे सांगायला तर आमचे भाऊ पुरेसे आहेत. भाऊ म्हणजे आमचे मालक. ते बसूनच असतात.

घरी आले आणि सगळ्यांना विचारलं, या पॅनिकला मराठीत काय म्हणायचं. नात भाविका कॉलेजात जाते, ती म्हणाली घबराट. मुलगा विठू म्हणाला टेन्शन. भाऊ म्हणाले, हवा. दुपारपर्यंत बिल्डिंगमधल्या बाया येऊन गेल्या. एकीने लसूण चावायला सांगितलं, एकीने दृष्ट काढली, एकीने चहा बंद करायला सांगितला आणि ते सांगता सांगता माझ्याकडचा दोन वेळा चहा प्यायली. पण हा पॅनिक कोण, कुठला, माझ्याच छातीत का शिरला, हे कुणालाच सांगता येईना. माझ्या घरात नवा भाडेकरू आला तरी मी आधी त्याचं गाव विचारते. हा तर थेट माझ्या आत राहायला आलेला.

म्हणून मी सुधीर सरांकडे गेले, आणि जे काही पुढे घडलं त्याला ते जबाबदार आहेत.

सर इंग्रजी शिकवायचे, आता रिटायर आहेत. रिटायर मास्तराला कुणीतरी आपण होऊन काही विचारावं याची इतकी भूक असते की त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली. ते बोलायला लागले की त्यांची बायको मिक्सर लावते. तिने तो लावला. सर मिक्सरच्या वरच्या आवाजात सांगू लागले.

"कमळाबाई, फार सुंदर शब्द आहे हा. ग्रीस म्हणून देश आहे. तिथे फार जुन्या काळी पॅन नावाचा देव मानत."

"देव?" मी म्हटलं.

"देव. डोंगरातला, धनगरांचा. कमरेखाली बोकड, डोक्याला शिंगं, दाढी. हातात बासरी."

आतून त्यांची बायको म्हणाली, "म्हणजे कृष्णच की."

"किसनाला बोकडाचे पाय कधी होते?" मी म्हटलं. "सर, तुम्ही सांगा."

"तर हा भर दुपारी झोपतो. त्या वेळी डोंगरात कुणी गडबड केली, त्याची झोप मोडली, की असा ओरडतो की शेळ्या-मेंढ्यांचा कळपच्या कळप उधळतो. एक दचकली की सगळ्या. का पळतोय ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून कारण नसताना येणाऱ्या भीतीला त्याचं नाव पडलं. पॅनची भीती, ती पॅनिक. पुढे तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला."

माझ्या डोळ्यांसमोर केसरीनाथचा मंडप उभा राहिला. सिलिंडर, बिबट्या, धाड. मी हळूच विचारलं, "आणि त्याला कशाचा राग येतो? झोपेचाच?"

इथे सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मास्तर तास संपल्यावरही बोलतात. म्हणाले, "एक मजेदार कथा आहे. अथेन्स म्हणून शहर होतं. एका मोठ्या लढाईच्या आधी त्यांचा एक निरोप्या डोंगरातून धावत चालला होता. त्याला हा पॅन भेटला आणि म्हणाला, मी तुमच्या एवढा उपयोगी पडतो आणि तुम्ही लोक माझ्याकडे लक्षच देत नाही. लढाई जिंकल्यावर त्या लोकांनी डोंगराखाली त्याचं देऊळ केलं, दर वर्षी त्याला बळी देऊ लागले."

मी उठून उभी राहिले. सगळं लख्ख झालं होतं.

भीती माझी नव्हतीच. एक देव होता, त्याला मान नव्हता, आणि तो धवलारणीच्या दारात येऊन उभा राहिला होता. दुसरीकडे कुठे जाईल? देवांना बोलावणं माझ्याकडेच आहे. हौसाच्या छातीत शिरून काय मिळणार होतं त्याला?

"कमळाबाई," सर घाबरत म्हणाले, "मी व्युत्पत्ती सांगतोय. शब्द कुठून आला ते. हे कुंडलीसारखं नव्हे."

"सर, मूल सापडला ना, पुरे झाला," मी म्हटलं. सरांपुढे मी जपून बोलते, पण आनंदात असले की बोली निघते. "त्याला खायला काय लागते तेवढा सांगा."

दूध, मध, आणि बोकड, असं ते म्हणाले. मी विचारात पडले. जो अर्धा बोकड आहे त्यालाच बोकड कापून द्यायचा? हे त्या ग्रीसवाल्यांना कसं सुचलं नाही? मला तर वाटतं, तो रागावला तो तेव्हाच. मी ठरवलं, आपण त्याच्या नावाने जिवंत बोकड सोडायचा. शाकाहारी मान. ऐकून भाऊ म्हणाले, बरं. लग्नात मला हार घालतानाही ते बरं एवढंच म्हणाले होते.

पण बोकडाआधी देवाला जागा हवी. सर म्हणाले होते डोंगर, गुहा. नारपोलीत डोंगर कुठला आणायचा. असेल तर वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या सामानाचा. बिल्डिंगच्या मागे कंपाउंडला लागून उंबर आहे, त्याच्याखाली मोटरसायकली लावतात. ही बिल्डिंग उभी आहे ती आमच्याच भाताच्या शेतावर, तेव्हा उंबर माझाच म्हणायचा. मी शिंगांसारखे दोन उंचवटे असलेला एक दगड निवडला, धुतला, शेंदूर लावला, दुधाचा नैवेद्य ठेवला. कुणाला बोलले नाही. म्हणजे हौसाला फोन केला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथ दारात. पुतणीच्या हळदीचा राग होताच, त्यात तो सोसायटीचा सेक्रेटरी.

"काकी, पार्किंगमधी देव ठेवलाव तुमी."

"ठेवला. मंग?"

"नवीन देवाला जनरल बॉडीचा ठराव लागतो."

"गणपतीला लागतो?"

"तो जुना हाय." केसरीनाथने डोकं खाजवलं. "ह्यो कुठला?"

"ग्रीसचा."

"म्हंजी बाहेरगावचा." त्याने जरा विचार केला. "मेंबर न्हाय. मंग तर पोलिस व्हेरिफिकेशन बी लागंल. भाडेकरूला लागतो ना."

मी म्हटलं, "केसरीनाथ, तुझ्या पुतणीच्या हलदीत जे झाला ते याच्यामुलं झाला. त्याला आता पार्किंगमधून काढ. तूच काढ. हातानी."

केसरीनाथने दगडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आपल्या मोटरसायकलकडे, जी दगडाला अगदी चिकटून उभी होती. त्याने ती तिथून काढली आणि रस्त्यापलीकडे नेऊन लावली.

त्याने तक्रार मात्र केली, कारण कुठल्याशा कचेरीतून एक साहेब आला. त्याने विचारलं, बांधकाम आहे का? मी म्हटलं, दगड आहे. "बांधलेला की ठेवलेला?" ठेवलेला. "मग उचला." मी म्हटलं, तुम्ही उचला, तुमचं कामच आहे. साहेबाने शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, साहेब, माझा आज उपवास आहे. साहेब स्वतः वाकला, शेंदूर बघितला आणि बूट काढायचे की नाही यावरून अडखळला. शेवटी जाताना नमस्कार करून गेला आणि म्हणाला, "निरीक्षण करत राहू."

त्याने नमस्कार केलेला चार खिडक्यांतून दिसला. सरकारी माणूस हात जोडतो म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत दगडापुढे नारळ आले. कुणी परीक्षेसाठी, कुणी पाण्याच्या मोटारीसाठी. मी दुसऱ्यांदा दूध ठेवायला गेले तर मला रांगेत उभं केलं. माझ्याच देवाच्या.

त्यानंतर बोकड. काळूराम वज्रेश्वरीकडचा, आमच्या माहेरच्या शेतावर राबणारा, त्याने तो टेम्पोतून आणला. काळा, दाढीवाला, बघण्याची ढब थेट प्रितमच्या होणाऱ्या सासऱ्यांसारखी, म्हणजे देवाला शोभेल असाच. पूजा केली, हार घातला, पाच जणींनी ओवाळलं. बोकडाने हार खाल्ला. मग दुसऱ्यांनी आणलेले हार खाल्ले. मग काळूराम चहा प्यायला बसला तेवढ्यात बांधलेली दोरी खाल्ली आणि निघाला.

आमच्या कंपाउंडला लागून विठूचं गोदाम आहे, एका कंपनीला भाड्याने दिलेलं. आत छतापर्यंत खोकी. शिफ्ट बदलायची वेळ, आतले बाहेर पडायचे, बाहेरचे आत शिरायचे. बोकड मागच्या शटरने आत गेला आणि खोक्यांच्या थप्पीवर चढला. चढणं हा त्यांचा स्वभाव. आतल्या एका पोराने मान वर केली तर खोक्यांच्या वर नुसती दाढी आणि शिंगं, गळ्यात खायची राहिलेली झेंडूची एक माळ, आणि वरून खाली रोखलेले डोळे.

"अरे भागो, ऊपर कोई है," तो एवढंच ओरडला.

कोण आहे ते त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. जो तो निघाला. बाहेरून आत येणारे आत न जाताच पळाले. रस्त्यावरचा भेळवाला गाडी टाकून पळाला. केसरीनाथ नुकताच मोटरसायकल लावून परत येत होता, तोही वळला आणि पळाला. मी कंपाउंडपाशी उभी राहून बघत होते, आणि खरं सांगते, माझ्या मनात आलं की देवाचा हात सराईत आहे.

सुधीर सर गॅलरीतून बघत होते. ते वरूनच म्हणाले, "कमळाबाई, हेच ते. अगदी हेच." त्यांच्या आवाजात इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही ऐकला नव्हता.

सगळे मोकळ्या जागेत जमल्यावर कंपनीचा सेफ्टी ऑफिसर आला. मला वाटलं आता भांडण. तो माझ्या पायाशी वाकला. "माताजी, कब से बोल रहा था, आग की ड्रिल करो, कोई हिलता नहीं था. आज पूरा गोदाम खाली. किसी को खरोंच नहीं." त्याने मोबाइलवर फोटो काढले आणि विचारलं, "ये बकरा अगले महीने मिलेगा?"

पण खोक्यांत चपला होत्या, आणि बोकडाने त्यातल्या बऱ्याच चाखून पाहिल्या होत्या. कंपनीच्या मॅनेजरने विठूला बोलावलं. विठू मॅनेजरसमोर काय बोलला ते मला माहीत नाही, पण घरी येऊन तो जेवला नाही. माझ्यासमोर उभा राहिला. हा मुलगा माझ्यासमोर बसूनच बोलतो.

"आये, पुरे आता. लोकं हसतात. प्रितमच्या हलदीला धवला हौसाकाकी गाईल. तू पुढं खुर्चीवर बस. सगली येतील पाया पडतील."

"खुर्चीवर?"

"मऊ खुर्ची ठेवू."

मी भाऊंकडे बघितलं. ते या वेळी बरं म्हणाले नाहीत, नुसते खाली बघत राहिले, आणि त्यानेच मला जास्त लागलं. प्रितम आला, माझ्या शेजारी बसला, म्हणाला, "आजी, तू गायची नसशील तर मना हलद लागल्यासारखी वाटंल कशी?" आणि लगेच, "पन तुना परत तसा झाला तर?" त्याचं खरं होतं. तेच मलाही माहीत नव्हतं. देवाला दूध दिलं, दगड दिला, बोकड दिला. बोकड काळूरामबरोबर परत वज्रेश्वरीला गेला, तिकडे मजेत हिंडतो आहे. पण रोज संध्याकाळी, त्या मंडपाच्या वेळेला, माझ्या छातीत लूमचं बटण कुणीतरी दाबून बघत होतं. मी कुणाला सांगत नव्हते. भाजी निवडायला घ्यायचे आणि निवडलेलीच परत निवडायचे.

हळद बायपासच्या मोठ्या हॉलमध्ये होती. मला मऊ खुर्ची मिळाली. इतकी मऊ की मी तिच्यात बुडाले आणि पुढचं मला नीट दिसेना. हौसा हिरव्या लुगड्यात, दोन्ही हातांत सोनं, माईकपुढे पाटावर बसली. तिच्या मागे आमच्या बायांची फौज. समोर भिंतीएवढा पडदा लावला होता आणि त्यावर हौसाच दिसत होती, तिची नथ माझ्या दाराएवढी.

तिने गावदेवी चांगली बोलावली. खोटं कशाला बोलू. वजराई चांगली बोलावली. एकवीरेला तोंड उघडलं, पडद्याकडे नजर गेली, आणि थांबली.

मला वाटलं ओळ विसरली. मग तिचे डोळे बघितले. त्या डोळ्यांमागे मी स्वतः उभी राहून आलेली होते. मी खुर्चीतून स्वतःला उपसून काढलं आणि तिच्या बाजूला जाऊन खाली बसले. तिने माझा हात धरला. बर्फाच्या पेटीतल्या पापलेटासारखा हात.

"वयनी," ती कुजबुजली, "मना बाहेर जाऊ द्या. मना कायतरी होते."

मागे एका बाईने पर्स उचलली. दुसरी म्हणाली, "काय झाला गो?" मला सिलिंडर येताना ऐकू आला. त्याच्या मागून बिबट्या. आणि त्याच घटकेला माझ्याही छातीत लूम लागला, पहिल्यापेक्षा जोरात. दोघी जावा, एकमेकींचा हात धरून, आणि दोघींनाही तिथून पळायचं.

"हौसा," मी म्हटलं, "बस."

"मी मरते वयनी."

"न्हाय मरत. त्याला पॅनिक म्हनतात. भरती हाय, चढते आन् उतरते. श्वास सोड. तू उठलीस तर आख्खा हॉल उठंल आन् माझा नातू अर्ध्या हलदीचा राहील. बस."

ती बसली. मी माईक ओढला. श्वास पुरत नव्हता, आवाज थरथरत होता. म्हटलं, थरथरत तर थरथरत. एकवीरेला मी त्याच आवाजात बोलावलं. मागच्या बायांना वाटलं ही नवी चाल आहे. त्यांनी ती थरथर जशीच्या तशी उचलली. सगळ्या बाया एकसुरात थरथरल्या. हौसा श्वास सोडत होती, मी गात होते. खंडोबा आला. चेडोबा आला. वेताळ आला, आपल्या जागी, शेवटी. इथे धवला संपतो आणि हळद सुरू होते. विठूने वाटी पुढे केली. मी हाताने त्याला थांबवलं आणि नवी ओळ घातली.

"लांबचे देवा शिंगांचे, डोंगर उतरून येस रं,
पॅनबाबा, तुझे नावाचा मान हाती घेस रं."

बायांनी ओळ उचलली. कुणी विचारलं नाही कोण हा. धवलारणीने बोलावलंय म्हणजे आपलाच असणार. पाहुण्यांच्या बाजूला सुधीर सर वडे-रश्श्याची ताटली घेऊन उभे होते. ते ताटली खाली ठेवायचं विसरून नुसते बघत राहिले, मग चष्मा काढला आणि त्याच हाताने पुसायला गेले आणि चष्म्याला रस्सा लागला. त्यांची सून मला मागाहून म्हणाली, "आजी, लाट ओसरली ना? मी सांगितलं होतं तसंच केलंत तुम्ही." मी म्हटलं, हो. शिकलेली मुलगी आहे, तिला तसं वाटणारच.

तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा हौसाचा हात कोमट झाला होता. माझा लूम बंद झाला नव्हता. तो चालूच होता, पण दूरच्या गल्लीत चालावा तसा. त्याला म्हटलं, बस रे बाबा, आलास तर बस, आमच्या हळदीला पाहुणे नेहमीच जास्त होतात. आणि प्रितमला हळद लावली, दोन्ही गालांना.

मला वाटलं हौसा आता गप्प होईल. ती सरळ होणारी बाई नाही. आता ती काल्हेर-कशेळीकडे लग्नांत बोलवली जाते आणि तिथे पॅनबाबाला बोलावते, आणि तेही कुठे? गावदेवीच्या आधी. हे भाविकाने मला व्हिडिओ दाखवला तेव्हा कळलं. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"हौसा, गावदेवीच्या आधी पाहुण्याला पाट कधीपासून?"

ती मग म्हणाली, "वयनी, त्याला आधी बोलावला तर मना भ्या वाटत न्हाय. शेवटपर्यंत थांबायला मना धीरच होत न्हाय." आणि हळूच, "रविवारी कशेळीला हाय. तुमी येता का? गाऊ नका. नुसत्या माझे बाजूला बसा."

विठू समोर जेवत होता. त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. भाऊ बरं म्हणायच्या तयारीत होते.

"गाडी पाठव," मी हौसाला म्हटलं. "आन् एसीची पाठव. मी धवलारीण हाय, हलदीच्या सामानाच्या टोपल्यांबरोबर टेम्पोत बसून येनार न्हाय."